कपाटात ठेवलेला आवाज

माझ्या धाकट्या दिराला सगळी गल्ली भिंगरी म्हणते. नाव ठेवलं त्याच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, आणि ते इतकं चपखल बसलं की खरं नाव विचारलं तर गिऱ्हाइकं डोकं खाजवतात. हा माणूस बसत नाही. बसलाच तर त्याचा उजवा पाय बसत नाही. टेबलाखाली तो पाय अखंड हलत असतो, आणि त्याच्यासोबत टेबल, टेबलावरचा कप, कपातला चहा आणि समोर बसलेल्या माणसाचं डोकं, सगळंच हलायला लागतं. लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा पहिल्याच जेवणाला वाटलं की बाहेरून एखादा अवजड ट्रक चालला असावा. नवरा म्हणाला, ट्रक नाही, धाकटा आहे.

त्याचं कम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. पूर्वी तो आमच्याच घरी राहायचा, पण फोनवर बोलताना त्याला येरझारा घालाव्या लागतात, आणि त्याला फोन फार येतात. शेवटी बाबा म्हणाले, हा घरात राहिला तर फरशी झिजेल. मग तो दुकानामागच्या खोलीत राहायला गेला. जेवायला मात्र येतो. उभ्याने जेवतो.

असा माणूस नाजूक कामं कशी करत असेल, असं मला वाटायचं. मी घरी कपडे दुरुस्त करण्याचं काम करते. उसवायला बसलं की एकेक टाका सोडवावा लागतो, हे मला ठाऊक आहे. ओढाताण केली की कापड गेलंच. एकदा त्याच्या दुकानात जाऊन पाहिलं आणि थक्क झाले. मशीन पुढ्यात आलं की पाय हलतो, पण हात एकदम शहाणे होतात. त्याचे दोन नियम होते. आधी बिघाड आपल्या डोळ्यांनी बघायचा, मग हात लावायचा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. एक वायर काढली, मशीन चालू केलं, पाहिलं. नाही जमलं, ती वायर परत लावली, दुसरी काढली. गिऱ्हाईक म्हणायचं, अहो सगळंच एकदम करून टाका ना. हा म्हणायचा, मग कशाने झालं ते मला तुमचा काका सांगणार का? आयुष्यात एवढ्या एकाच ठिकाणी त्याने धीर धरला होता, असं बाबा म्हणायचे.

बाबा म्हणायचे, असं मी लिहिते खरी. आता बाबांबद्दल सांगायला हवं.

माझे सासरे गाडी चालवायला शिकवायचे. उभी हयात त्यांनी घाबरलेल्या माणसांच्या शेजारच्या सीटवर बसून काढली. त्यामुळे आवाज खणखणीत आणि तोंड फाटकं. निम्म्या शहराने त्यांच्या शिव्या खाल्ल्या आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांना अजून गाडी नीट चालवता येते. मग घशाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, जीव वाचेल, आवाज वाचणार नाही. घरात सगळ्यांनी हातपाय गाळले. भिंगरीने तेवढं केलं नाही, कारण हातपाय गाळायला आधी एका जागी थांबावं लागतं. तो एक माइक घेऊन आला, बाबांना खुर्चीत बसवलं आणि म्हणाला, बोला.

ऑपरेशनच्या आधी काही दिवस बाबा रोज बोलत होते आणि हा ते भरून घेत होता. पाणी दे. दार लाव. भूक नाही. आज बरं वाटतंय. माझा चष्मा कुठंय? माझ्या नावाची हाक, नवऱ्याच्या नावाची हाक, दूर राहणाऱ्या लेकीसाठी "बोल गं बाळ, कशी आहेस". सगळं झाल्यावर याने एकेक वाक्य कापून-छाटून कम्प्युटरमध्ये ठेवलं आणि पडद्यावर मोठमोठे रंगीत चौकोन केले. चौकोन दाबला की बाबा बोलायचे. घसा गेला, पण बाबा गप्प झाले नाहीत. माझ्या भाजीत मीठ कमी पडलं की दिवाणखान्यातून खणखणीत आवाज यायचा, "मीठ संपलंय का?" हे वाक्य भरून घ्यायची काही गरज होती का, असं मी दिराला विचारलं होतं. तो म्हणाला, बाबांनी आग्रह धरला.

आवाज यायचा तो एका गोल काळ्या डबीतून. लांब वायरचा साधा स्पीकर होता. पण आमच्या घरात त्याला स्पीकर कोणी म्हणत नव्हतं. तो बाबांचा आवाज. आवाज जरा पुढे सरकव. आवाजावर धूळ बसलीये. अरे, आवाजावर चहा सांडशील. बाहेरच्याला हे ऐकून आम्हाला वेड लागलंय असं वाटलं असतं. भिंगरीसाठी मात्र बाबांचा आवाज म्हणजे कम्प्युटरमधला तो कप्पा, ज्यात ती सगळी वाक्यं होती. कप्प्याला त्याने नावच तसं दिलं होतं. तो काही आमच्यासोबत राहत नव्हता, त्यामुळे एका नावाच्या दोन वस्तू झाल्या आहेत हे ना त्याला कळलं, ना आम्हाला.

मग ते अपडेट आलं.

कम्प्युटर आपला आपण नवा होतो म्हणे. संध्याकाळी बंद करताना सांगतो, थांबा, मी सुधारतोय. सकाळी उघडला की सुधारलेला असतो. या खेपेला तो सुधारून आला तो पिसाळूनच. दातांच्या डॉक्टरांकडचं मशीन रुग्ण खुर्चीत आ वासून बसलेला असताना निळं पडायचं. तिकिटं काढून देणाऱ्या एजंटचं तिकीट अर्ध्यात असताना. शाळेच्या कचेरीतलं तर चालू व्हायचं, मान टाकायचं, पुन्हा चालू व्हायचं, आणि असं दिवसभर. भिंगरीच्या तोंडचं पाणी पळालं. दुकानाच्या काउंटरवर मशीनं एकावर एक, दारात माणसं, दोन्ही कानांना दोन फोन. कोणाचं जुनं सॉफ्टवेअर नव्याशी भांडत होतं, कोणाचा प्रिंटर, कोणाचा आणखी काही. अपडेट काढून टाकावं तर मशीन दुसऱ्या दिवशी ते गुपचूप परत घालून ठेवायचं. सुरुवातीला तो त्याच्या नियमाने चालला. एक गोष्ट बदल, बघ. दुसरी बदल, बघ. पण दारातली रांग काही हलेना. मग त्याला एक सोपी वाट सापडली: गिऱ्हाइकाचं सामान दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवायचं, मशीन पुसून कोरं करायचं, सगळं नव्याने भरायचं आणि सामान परत ठेवायचं. कारण कळायचं नाही, पण मशीन चालायचं. "वहिनी, आता मी डॉक्टर राहिलो नाही, परीट झालोय," असं तो मला म्हणाला. हसत म्हणाला, पण डोळे खोल गेले होते.

आमचं मशीनही त्याच आठवड्यात बिघडलं. बाबांनी पाणी मागायला चौकोन दाबला. "पा" एवढंच ऐकू आलं, घर्रर्र झालं आणि पडदा निळा. पडद्यावर एक रडका चेहरा आणि खाली लिहिलेलं की काहीतरी गडबड झाली आहे, आम्ही बघतो. मशीन पुन्हा चालू झालं. बाबांनी पुन्हा दाबलं. पुन्हा रडका चेहरा. त्यांनी माझ्याकडे बघून तसाच चेहरा करून दाखवला. मला हसू आलं. पहिल्या दिवशी आलं.

घरचं गिऱ्हाईक म्हणून आमचा नंबर शेवटी लागला. तोवर बाबा मुके. पाटी होती, पण पाटीवर लिहून दाखवायला समोरचा आपल्याकडे बघत असावा लागतो. मी शिलाई मशीनवर त्यांच्याकडे पाठ करून बसलेली असायची आणि मागे ते चमच्याने खुर्चीचा हात बडवायचे. ठक ठक ठक. त्या आवाजाने माझा जीव नुसता वरखाली व्हायचा. संध्याकाळी नणंदेचा फोन यायचा. ती रोज फोन करते, आणि रोज पहिलं वाक्य "बाबांना द्या". आता ती तिकडून बोलायची आणि हे इकडे फोन कानाला लावून मान डोलवायचे. मान डोलावलेली फोनवर दिसत नाही. "बाबा, आहात ना?" असं ती तीनतीनदा विचारायची. मग मी फोन काढून घ्यायची आणि आत जाऊन दिराला फोन करून त्याला फैलावर घ्यायची. तो म्हणायचा, उद्या येतो वहिनी, नक्की येतो. मागे कोणीतरी त्याच्या नावाने ओरडत असायचं.

शेवटी एका सुट्टीच्या दिवशी सकाळी त्याचा माझ्या नवऱ्याला फोन आला. नवरा पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आहे आणि जगातली कुठलीही वस्तू पुसून, गुंडाळून, कपाटात ठेवल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. कम्प्युटरमधलं सामान काढून ठेवायला भावाने त्याला एक डिस्क देऊन ठेवली होती, तीसुद्धा त्याने एका मोज्यात घालून त्याच कपाटात ठेवली होती. फोनवर धाकटा म्हणाला, "दादा, मी दुपारी येतोय. तोवर बाबांचा आवाज तेवढा काढून ठेव." नवरा म्हणाला, ठेवतो.

त्याने काढला. वायर सोडवली, तिची छान वेटोळी केली, डबी फडक्याने पुसली, नॅपकिनमध्ये गुंडाळली आणि कपाटात चादरींच्या मध्ये ठेवली. मी समोरच इस्त्री करत होते. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्या घरात बाबांचा आवाज काढून ठेवणं म्हणजे हेच.

दुपारी भिंगरी आला तो अक्षरशः धावत. बाबा आत झोपले होते. एक फोन त्याच्या खांद्यात आणि कानात चिमटलेला, त्यावर दातांचा डॉक्टर. त्याने खुर्ची ओढली नाही, उभ्यानेच मशीन चालू केलं. फोनवर तळवा ठेवून भावाला विचारलं, "आवाज काढलास?"

"काढला. कपाटात ठेवलाय, नीट गुंडाळून."

तो हसला. मोज्यात ना, म्हणाला, आणि पुन्हा डॉक्टरशी बोलायला लागला.

एकदा, फक्त एकदा त्याने स्वतः चौकोन दाबून बघायला हवं होतं. मशीन त्याच्यासमोर निळं पडलंच नव्हतं. त्याने बिघाड बघितलाच नाही. पण त्या आठवड्यात त्याने इतकी मशीनं धुतली होती की हेही त्यातलंच एक. पडद्यावर प्रश्न आला, सगळं पुसलं जाईल, नक्की का? मशीनसुद्धा विचारत होतं. याने डॉक्टरला "हो हो, उद्या सकाळी" असं सांगत सांगत हो दाबलं. मग तो येरझारा घालू लागला. स्वयंपाकघर ते खिडकी, खिडकी ते स्वयंपाकघर. मी चहा दिला, त्याने तो दोन फेऱ्यांत संपवला. मशीन नवं झालं, चकाचक उघडलं, एकदाही पडलं नाही. माझा जीव भांड्यात पडला. मला वाटलं, चला, आज नणंदेच्या फोनला बाबा बोलतील.

"दादा, आण आवाज," तो म्हणाला.

नवऱ्याने कपाट उघडलं, चादरींमधून गाठोडं काढलं, नॅपकिन उलगडला आणि ती काळी डबी टेबलावर ठेवली.

"हा नाही रे. आवाज."

"हाच की आवाज."

"अरे, आवाज. आतला. डिस्कवर काढलेला."

"तू डिस्क कुठे म्हणालास? तू म्हणालास, आवाज काढून ठेव. मी काढून ठेवला."

काय झालंय ते मला त्या दोघांच्या आधी कळलं, कारण मी मधे बोलत नव्हते. इस्त्री हातात होती, ती उभी करून ठेवायचं भान तेवढं राहिलं. आपल्या भाषेचीही कमाल आहे. आपण फोटो काढतो म्हणजे तो असतो, आणि डाग काढतो म्हणजे तो नसतो. दात काढला तर गेला, दात काढून हसलो तर आहेत. आवाज काढ म्हटलं की पोर ओरडतं, आणि आवाज काढून ठेव म्हटलं की माझा नवरा वायर गुंडाळतो. हे सगळं मी आता लिहिते आहे. तेव्हा सुचलं नाही. तेव्हा दोघे भाऊ एकमेकांकडे बघत होते आणि मला दोघांच्याही मुस्काटात द्यावीशी वाटत होती, आणि दोघांनाही जवळ घ्यावंसं वाटत होतं.

भिंगरीने ती डबी उचलली आणि वायर मशीनला लावली. का लावली कोण जाणे. हाताला काहीतरी हवं असेल. क्षणभर काही झालं नाही. मग डबी जोडल्याची टिंग वाजायला गेली, घर्रर्र झालं आणि पडदा निळा. रडका चेहरा.

म्हणजे भांडण त्या डबीचं होतं. जुनी डबी, नवं अपडेट, दोघांचं पटत नव्हतं. दुसरी कुठलीही डबी लावली असती तर बाबा त्याच दिवशी बोलले असते. माझ्या नवऱ्याने वायर काढली तेव्हाच मशीन बरं झालं होतं. एक गोष्ट बदल आणि बघ, असं भिंगरीने केलं असतं तर पहिल्याच फेरीत सापडलं असतं.

तो खाली बसला. खुर्चीत नाही, फरशीवर. आणि त्याचा पाय थांबला. इतक्या वर्षांत मी तो पाय थांबलेला पाहिला नव्हता. मला आवाज गेल्याचं दुःख झालं होतं, पण भीती वाटली ती तो पाय बघून.

संध्याकाळी बाबा उठले आणि फोनच्या वेळेला सवयीने टेबलाशी येऊन बसले. मशीन चालू दिसताच त्यांचा चेहरा उजळला. त्यांनी चौकोन शोधले. भिंगरी त्यांच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने सांगितलं, सरळ, काही न लपवता, भावाचं नाव न घेता. "माझ्या हातून पुसलं गेलं, बाबा." बाबांनी पाटी घेतली आणि लिहिलं, "सगळं?" त्याने मान डोलावली. बाबांनी बाहीने पाटी पुसली. फोन वाजत होता. तो वाजू देऊन ते आत गेले आणि दार लावून घेतलं. "दार लाव" म्हणायला आता त्यांना कोणी नको होतं.

त्यानंतरचे दिवस मला नको वाटतात. भिंगरीने मशीनमधली डिस्क काढून दुकानात नेली आणि तिच्या राशीला बसला. पुसलेलं परत मिळवायची सॉफ्टवेअरं असतात म्हणे. त्याने ती सगळी लावून पाहिली. आमचं जुनं लाइट बिल परत आलं. कुणाच्या तरी लग्नातले अर्धे फोटो आले, कमरेपासून खालचे. आवाजाच्या कप्प्यातल्या वाक्यांची नावं आली, "पाणी", "चष्मा", "बाळ", पण उघडलं की नुसतं खरखरणं. त्या जागेवर नवं काहीतरी लिहिलं गेलं होतं. तो कानाला हेडफोन लावून ती खरखर ऐकत बसायचा. गिऱ्हाइकं दारातून परत जायला लागली. मी डबा घेऊन जायची. तो डबा खायचा, बसून. मी म्हटलं, भावजी, जरा फिरून या. तो म्हणाला, वहिनी, या खरखरीत कुठेतरी "पाणी" आहे, मला ऐकू येतंय. मला तर काही ऐकू येत नव्हतं.

मधे एकदा त्याने बाबांसाठी मशीनचा तयार आवाज आणला. शब्द लिहिले की बोलतो. बाबांनी लिहिलं, पाणी दे. नव्या डबीतून बातम्या देणाऱ्या बाईच्या सुरात आलं, "पाणी दे." बाबांनी ऐकलं, पाटी ओढली आणि लिहिलं, "ही बाई कोण?" मी आणि नवरा हसलो. भिंगरी हसला नाही. बाबा त्याच्याकडे बघत राहिले. मला वाटतं, स्वतःचा आवाज गेल्याचं बाबांनी तेव्हाच बाजूला ठेवलं आणि त्यांना दुसरीच काळजी लागली. ते दोनदा पाटीवर लिहून मला दाखवायला आले, "जेवला का?" आणि दुसऱ्या खेपेला, "पाय?" मी मान हलवून नाही म्हटलं.

नणंदेला आम्ही बरेच दिवस ताकास तूर लागू दिली नव्हती. मशीन दुरुस्तीला दिलंय, एवढंच. पण ती मूर्ख नाही. एका सकाळी तिने मला फोनवर धरलं आणि मी सगळं सांगून टाकलं. ती रडली, भरपूर रडली. मग एकदम थांबून म्हणाली, "अगं, पण ती गाडीची?"

मला आधी कळेना. मग आठवलं. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी गरजेची वाक्यं भरून संपली होती आणि घरावर नुसती धास्ती पसरली होती. तेव्हा बाबा म्हणाले, आता माझ्या धंद्याची चार वाक्यं घे. आणि शिकाऊ माणसांवर ओरडायचे तसे ते ओरडले होते. भिंगरीने ती वाक्यं न कापता, न छाटता, एकेकाला नाव देऊन घरच्या ग्रुपवर टाकली होती, सगळ्यांना हसू यावं म्हणून. आमच्या फोनमधून ती केव्हाच गेली होती. नणंदेने जपून ठेवली होती. दूर राहणाऱ्या माणसाला असली सवय लागते. तिने ती एकेक करून मला पाठवली. मी पहिलं उघडलं आणि स्वयंपाकघरात बाबांचा आवाज घुमला, "आरशात बघ! मला काय बघतोस, मी सुंदर आहे का?"

बाबा खोलीतून धावत आले. या वयात धावत. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी सगळी ऐकली, फोन दोन्ही हातांत धरून. मग पुन्हा एकदा ऐकली. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते बिनआवाजाचं हसत होते. तेवढ्यात माझा नवरा घाईघाईत शर्टाची बटणं लावत बाहेर आला, कचेरीला उशीर झाला म्हणून. बाबांनी शोधून एक दाबलं. "घाई कसली? सिग्नल काही पळून जाणार नाही." नवरा जागच्या जागी उभा राहिला आणि भिंतीला टेकला.

पाणी मागता येणार नव्हतं, चष्मा मागता येणार नव्हता. मुलीला बाळ म्हणता येणार नव्हतं. जे गेलं ते गेलंच होतं. मी भिंगरीला फोन लावायला घेतला, तर बाबांनी माझा हात धरला. पाटीवर लिहिलं, "मी जातो." आणि चपला घातल्या.

आजारपणानंतर ते एवढं चालले नव्हते. दोन गल्ल्या जायला आम्हाला बराच वेळ लागला. मी हात धरू लागले की झिडकारायचे. एका शिकाऊ पोरीची गाडी चौकात बंद पडली होती आणि मागचे हॉर्न वाजवत होते. बाबा तिथे उभे राहून अस्वस्थपणे खिशातला माझा फोन चाचपत होते. मी त्यांना ओढूनच पुढे नेलं.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आम्ही वाकून आत गेलो. भिंगरी काउंटरमागे स्टुलावर बसला होता, कानाला हेडफोन, समोर उघडी डिस्क. दाढी वाढलेली. बाबांना बघून त्याने हेडफोन काढले आणि उभं राहायलाही विसरला. "बाबा, अजून मिळालं नाही," तो म्हणाला. "पण मी सोडलेलं नाही."

बाबांनी फोन काउंटरवर ठेवला. चष्मा घरी राहिला होता, म्हणून डोळे बारीक करून, एकेक नाव अगदी डोळ्याजवळ नेऊन बघितलं. मला मदत करू दिली नाही. त्यांना कुठलं हवं होतं ते त्यांना माहीत होतं. त्यांनी दाबलं.

आधी पेनाची टिकटिक ऐकू आली. भरून घेताना भिंगरीच्या हातात होतं ते पेन. मग बाबा.

"बंद पडली? पडू दे. गाडी बंद पडली म्हणून कोणी फाशी देत नाही. रडू नकोस. हात काढ तिथून. न्यूट्रलला घे. हं. आता पुन्हा चालू कर."

पण ते संपलं नव्हतं. कापायचं राहून गेलेलं शेपूट होतं. थोडी शांतता, पेनाची टिकटिक, आणि मग बाबा, आता ओरडत नव्हते, शेजारी बसलेल्या मुलाशी बोलत होते, "झालं का? बंद कर ते. आणि पाय हलवू नकोस रे, सगळं टेबल हलतंय."

भिंगरीने तोंडावर दोन्ही हात घेतले. बाबा काउंटरच्या पलीकडून वाकले आणि त्यांनी त्याच्यासमोरची डिस्क उचलून बाजूला ठेवली.

मला रडू येत होतं म्हणून मी खाली बघितलं, तर काउंटरवरचा फोन थरथरत होता. मला वाटलं, कोणाचा तरी कॉल येतोय. कॉल नव्हता. पाय हलायला लागला होता.